फळीवरची साक्ष

दोन हजार बावीस साल सरत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी दिवाळी उरकताच साखऱ्याच्या शिवारालगतच्या तांड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली. ओमप्रकाश आणि त्याची बायको निताही ट्रकमध्ये चढली. त्यांची एकुलती लेक ऐश्वर्या तिच्या आजीच्या, भिकाबाईच्या कडेवर होती. ट्रकचा हॉर्न वाजला तशी तांड्यातली सगळी लेकरं दचकून मागं सरली. ऐशू तेवढी ट्रककडे पाठ करून आजीच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिली. ते पाहून नितानं पदर तोंडात कोंबला आणि ट्रक हलला.

ऐशूला ऐकू येत नव्हतं. तिला पाचवं लागलं होतं, शिमग्याला पूर्ण होणार होतं. इतकी वर्षं तांडा म्हणत आला, बोलायला उशीर लागतोय, तिचा बापही उशिराच बोलला होता. पण अंगणवाडीच्या गंगूताईनं एकदा पोरीच्या पाठीमागं स्टीलचं ताट उलथण्यानं बडवलं. सगळी अंगणवाडी कानावर हात ठेवून ओरडली आणि ऐशू खाली मान घालून खिचडीतले वाटाणे वेचत बसली. तेव्हा सगळ्यांना कळलं.

"भिकाबाई, जानेवारीत तपासणीची गाडी येणार हाय," गंगूताईनं बजावलं होतं. "तेच लोक मोठ्या दवाखान्यात नेतात. कानाच्या आत मशीन बसवायचं आपरेशन असतंय. पण लेकरू लहान हाय तवरच. पाच सरल्यावर डॉक्टर नको म्हणतात. तेवढी गाडी चुकवू नका."

"कानाच्या आत म्हंजे? डोकं कापतात का काय?"

"कापतात म्हंजे काय बकरं कापल्यासारखं थोडंच कापतात?"

गंगूताई हसली, भिकाबाईनं मात्र पोरीच्या डोक्यावर हात धरला. तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. भीमसिंग बाजेवर बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "न्यावं तर लागंल. तुझ्या देवाला इचार आन् नेऊ."

भिकाबाईचा देव आणि भीमसिंगचा देव वेगळे होते. बारा-पंधरा वर्षांमागं भिकाबाईच्या पोटात दुखायचं, ते काही केल्या थांबत नव्हतं. त्याच तांड्यातला मोहनसिंग तेव्हा ट्रक चालवणं सोडून नुकताच पास्टर झाला होता. त्यानं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि दुखणं थांबलं ते थांबलंच. भिकाबाईनं बाप्तिस्मा घेतला. भीमसिंगनं सेवाभायाचा, बंजाऱ्यांच्या संत सेवालालांचा, दिवा सोडला नाही. तो म्हणायचा, "तुझा तुला, माझा मला. भाकरी तेवढी एका चुलीवरची दे." त्यावरून त्या घरात कधी भांडण झालं नाही.

दर रविवारी मोहनसिंग पास्टरच्या अंगणात मंडळी जमायची. पाच-दहा घरं ह्या तांड्यातली, काही बाहेरची. गाणी, वचन, प्रार्थना, आणि मग साक्ष. ज्याच्या आयुष्यात प्रभूनं काही केलं त्यानं उभं राहून सांगायचं. कुणाची म्हैस सापडली, कुणाच्या लेकीला नांदायला नेलं, कुणाचा ताप उतरला. साक्ष दिल्याशिवाय काम पुरं होत नाही, असं पास्टर शिकवायचा. "फळ दिसायच्या आधी तोंडानं कबूल करा," तो म्हणायचा. "आधी इश्वास, मंग डोळ्यांना दिसंल. जो शंका धरतो, त्याचं आलेलं बी परत जातं."

भिकाबाईनं हे मनात घट्ट धरलं. तिनं ऐशूसाठी उपास धरला. दिवसभर कापूस वेचायचा, एक वेळ जेवायचं, आणि पहाटे चुलीपुढं गुडघे टेकायचे. सुरुवातीला ती मागायची. मग ती भांडायला लागली. "माझं पोट बरं केलंस, म्हातारीचं. मला काय करायचं होतं ते पोट? ह्या लेकराचे कान काहून न्हाई?" चूल पेटायची, धूर व्हायचा, वरून काही उत्तर यायचं नाही.

त्यांच्या अंगणात लिंबाखाली एक जुनी बैलगाडी होती. बैल कधीचेच विकले गेले होते, पण गाडी भीमसिंगनं मोडू दिली नाही. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. निदान गाडी तरी दाराशी उभी असावी, असं त्याला वाटायचं. तिच्या फळ्यांवर आता ऐशू बसायची. तिथंच खेळायची, तिथंच झोपी जायची.

एका सकाळी भिकाबाई तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आली. ऐशू गाडीवर पलीकडे तोंड करून बसली होती. भिकाबाईनं गाठोडं धाडकन फळ्यांवर टाकलं आणि सवयीनं म्हणाली, "ऐशू, सरक गं बाई."

ऐशू वळली. सरळ आजीच्या तोंडाकडे बघून हसली.

भिकाबाई जागच्या जागी खाली बसली. मग ती उठली ती तशीच अनवाणी पळत पास्टरच्या घरी गेली. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली, "आईकलं! माझ्या पोरीनं आईकलं!"

मोहनसिंग पास्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिथंच हात वर केले. "नाताळाला साक्ष द्यायची, बाई. पोरीला घेऊन. सगळ्या मंडळ्या येऊन राहिल्या आपल्याकडं."

घरी परतल्यावर भिकाबाईनं पुन्हा हाक मारली. ऐशू जमिनीवर बसून मातीत रेघा ओढत होती. ती वळली नाही. पुन्हा मारली. नाही. गाडीवर बसवून मारली. नाही. मनातली शंका बाहेर निघेना. शेवटी ती स्वतः गाडीवर चढली, आणि चढताना तिचा पाय फळीवर जोरात पडला. ऐशू वळली आणि हसली.

भिकाबाईला तेव्हाच कळलं. कळलं नाही असं तिनं नंतर कधी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. फळी हलली की पोरीला बुडाखाली ते समजायचं, बस. पण कळलेलं मान्य करायचं म्हणजे शंका धरायची, आणि शंका धरली की आलेलं परत जातं. मग ती स्वतःशी म्हणाली, आत्ता कुठं सुरुवात आहे. अर्धं झालंय, अर्धं होईल. चिखलात रुतलेल्या गाडीला मागून खांदा लावतात, तसा मी थोडा हात लावते. देवाचंच काम आहे.

भीमसिंग बाजेवरून हे बघत होता. "पाय आपटून देव बलावून राहिली का?" त्यानं विचारलं.

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्या असल्या बोलण्यानंच उशीर लागून राहिला."

तो तंबाखू मळायला लागला.

नाताळाला पास्टरच्या अंगणात तेलाच्या ड्रमांवर फळ्या टाकून मंच केला होता. वर साड्यांचा मांडव, विजेच्या माळा, भाड्याचा माइक. हट्ट्याकडून, शिरड शहापूरकडून टेम्पो भरून माणसं आली होती. भिकाबाईनं ऐशूला नवा झगा घातला आणि मंचावर लोकांकडे तोंड करून उभं केलं. स्वतः तिच्या मागं उभी राहिली. पोटाचं दुखणं, पोरीचे कान, ताट बडवल्याचं सगळं सांगून झालं. मग ती म्हणाली, "आता बघा." आणि तिनं हाक मारली, "ऐशू!" हाकेबरोबर लुगड्याच्या घेराआड तिची टाच फळीवर पडली.

ऐशू वळली.

मांडव नुसता दणाणला. बाया रडल्या, माणसांनी हात वर केले, कुणी तरी पेटी वाजवायला लागलं. टाळ्यांनी फळ्या हादरत होत्या, म्हणून ऐशू सारखी इकडे तिकडे वळून बघत होती, आणि लोक म्हणत होते, बघा बघा, कसं ऐकून राहिलंय लेकरू. भिकाबाईला त्या दिवशी आनंद झाला नाही असं नाही. इतक्या माणसांनी आमेन म्हटल्यावर ती गोष्ट खरी झाल्यासारखीच वाटत होती.

तिनं फोनवर निताला सांगितलं. पलीकडे निता उसाच्या फडात उभी होती. फोनमध्ये पाल्याची सळसळ ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "याडी, तिला 'याडी' म्हणायला लावा ना. मला आईकू द्या." तांड्यात आईला याडी म्हणतात; निता सासूलाही तेच म्हणायची.

"म्हणंल, म्हणंल. आत्ता कुठं कान उघडले. जीभ उघडायला टाइम लागतो."

जानेवारीत तपासणीची गाडी आली. गंगूताई दारात उभी. भिकाबाई म्हणाली, "आमाला गरज न्हाई आता. प्रभूनं बरं केलंय." गंगूताईनं पोरीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. "एकदा दाखवायला काय हरकत हाय? बरं झालं आसंल तर डॉक्टर बी बरं झालं म्हणतील."

"दाखवायला नेणं म्हंजे देवावर शंका."

"आवं पण..."

भिकाबाईनं ऐशूला अंगणातल्या बैलगाडीवर बसवलं, हाक मारली, फळीवर गुडघा आपटला. पोरगी वळली. गंगूताईच्या कपाळावरची आठी गेली नाही. पण खाली रस्त्यावर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि गाडीत दुसरी लेकरं रडत होती. ती गेली. धूळ बसेपर्यंत भिकाबाई दारात उभी राहिली. एकदा तिला वाटलं, ओरडावं, थांबा म्हणावं. ती ओरडली नाही.

माघ लागला आणि शिवारात हळदीचं काम सुरू झालं. भिकाबाई साखऱ्याच्या एका बागायतदाराकडे रोजानं जायला लागली. गड्यांनी कुदळीनं कंद उपटायचे, बायांनी माती झाडून हळकुंडं वेगळी करायची. मग मोठाल्या लोखंडी कुकरमध्ये वाफेवर शिजवून ती खळ्यावर पसरायची आणि रोज पायानं उलटी-पालटी करायची. हाताची बोटं, नखं, टाचांच्या भेगा सगळं पिवळं होऊन जायचं. ऐशू खळ्याच्या कडेला पिवळ्या ढिगात खेळत असायची.

कामावरच्या बाया विचारायच्या. "भिकाबाई, ही तीच का वं पोरगी? मार की हाक."

"खेळून राहिली, खेळू दे."

"मार की एकदा. आमी काय नाताळाला आलतो व्हय?"

"देवाला तमासा लावायचा नस्तो," असं म्हणून ती टोपलं उचलायची. खळं मातीचं होतं. तिथं टाच वाजत नाही हे तिला ठाऊक होतं. एकदा एका पोरसवदा बाईनं ऐशूच्या मागं जाऊन कानाजवळ टाळी वाजवली. ऐशू हलली नाही. बाईनं भिकाबाईकडे पाहिलं आणि काही न बोलता कामाला लागली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून भिकाबाई त्या बाईच्या रांगेत बसेना. शेवटच्या रांगेत, जिथं वाफेचा झोत तोंडावर येतो, तिथं बसायला लागली.

पहाटेची प्रार्थना सुटली नव्हती, पण तिचे शब्द बदलले होते. आता ती कान मागत नव्हती. "एवढं खरं करून दे," म्हणायची. "मी बोलून बसलेय. माझी लाज राख." पोरीसाठी मागायला बसायची आणि स्वतःसाठी मागून उठायची. हे तिचं तिलाच एकदा ऐकू आलं, तेव्हा तिनं चुलीपुढनं उठून तोंड धुतलं.

शिमगा झाला. ऐशूला पाच पूर्ण झाली.

ईस्टरच्या आधी मंडळीनं पत्र्याचं शेड उभारलं. पास्टर म्हणाला, ड्रमावरच्या फळ्या पुरे झाल्या, आता सिमिटाचा पक्का ओटा करू. सगळ्यांनी अंगमेहनत केली. भिकाबाईनंही हळदीच्या कामावरून येऊन घमेली वाहिली. हातावरचा पिवळा आणि सिमेंटाचा राखाडी रंग एक झाला. ओटा ओला होता तेव्हा कुणाचं तरी कोंबडं त्यावरून चालत गेलं. त्याच्या पायांचे ठसे तसेच राहिले. सगळे हसले. भिकाबाईही हसली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक आला. ऐशू आईला बघून धावली. निता काळीठिक्कर पडली होती, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. तिनं पोरीला उचललं आणि तिच्या कानात काहीबाही बोलत राहिली. मग पिशवीतून पैंजण काढले, भरपूर घुंगरांचे. "हिला स्वतःच्या पायांचा आवाज आईकू यावा म्हून घेतले," ती म्हणाली.

ऐशूला पैंजण आवडले. चमकणारे होते. ती घुंगरं बोटांनी मोजल्यासारखी एकेक करून चाचपत बसली. नितानं एक पैंजण काढून घेतला आणि तिच्या पाठीमागं वाजवला. आधी हळू. मग जोरात. मग कानाच्या अगदी जवळ, छुम छुम छुम. ऐशू दुसऱ्या पैंजणाशी खेळत होती.

चुलीपुढं भिकाबाई पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. परातीत पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं. निता बराच वेळ तो पैंजण मुठीत धरून बसली. ओमप्रकाशला जेवायला वाढलं, भांडी घासली, पोरीला कुशीत घेऊन निजली. भिकाबाईला वाटलं, ही ओरडली असती तर मी सांगितलं असतं. पण ते खरं होतं की नाही, कुणास ठाऊक.

सकाळी शेड भरून गेलं. भिकाबाई बायांत बसली होती. शिरड शहापूरकडच्या तांड्यातली एक बाई सरकत सरकत तिच्याजवळ आली. जनकाबाई तिचं नाव. मांडीवर एक पोरगा, त्याच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी.

"तुमीच ना भिकाबाई? नाताळाला तुमची साक्ष आईकली. माझ्या लेकराला फिट येतात. तुमी म्हणलात ना, शंका धरू नका. म्या त्याच्या गोळ्या बंद केल्या."

भिकाबाईनं विचारलं, "मंग?"

"मागल्या आठवड्यात चुलीपाशीच फिट आली. हात भाजला." जनकाबाईनं पट्टीवर फुंकर घातली, जणू पट्टीलाच दुखत असावं. "तुमचं झालं, माझं न्हाई झालं. माझ्यातच काही तरी खोट आसंल, बाई. रोज त्येच शोधून राहिले. सासूशी बोलले होते वाकडं, त्याची माफी मागितली. जावेची मागितली. तरी न्हाई. तुमी कशी धरली प्रार्थना, मला सांगा ना."

भिकाबाईनं त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात लगेच मागं घेतला.

तेवढ्यात माइकवरून पास्टरचा आवाज आला. "नाताळाला आपण प्रभूचं सामर्थ्य पाहिलं. आज लांबून माणसं आली हाय, कुणाचा इश्वास ढिला झाला आसंल. भिकाबाई, पोरीला घेऊन वर या."

टाळ्या पडल्या. भिकाबाई उठली. नितानं पोरीचा हात तिच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांकडे न बघता दिला.

ओट्यावर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सिमेंटाचा गारवा तळपायाला लागला, आणि भिकाबाईला सगळं एकदम आठवलं. हाच तो ओटा. तिनंच घमेली वाहिली होती.

पोरगी लोकांकडे तोंड करून उभी राहिली. भिकाबाई मागं. "ऐशू," तिनं हाक मारली आणि टाच आपटली. दगडावर आपटावी तशी ती आपटली. आवाजही झाला नाही. ऐशू समोर पत्र्याखाली शिरलेल्या चिमणीकडे बघत होती.

"ऐशू!" पुन्हा टाच. भेगेतून कळ उठली. "ऐशू! ऐशू!" आता घेराआड लपवायचं भान राहिलं नाही. म्हातारी दोन्ही पाय ओट्यावर आपटत होती, आणि पुढच्या रांगेतली लेकरं हसायला लागली. त्यांना वाटलं आजी नाचून राहिली. हळदीनं पिवळ्या झालेल्या टाचेतून रक्त आलं. सिमेंटावर त्याचे डाग पडले, कोंबड्याच्या ठशांच्या बाजूला.

पास्टरनं माइक उचलला. "मंडळी, हात वर करा. शंकेचा आत्मा इथं काम करून राहिला. जोरात प्रार्थना करा!" सगळं शेड घोंगावायला लागलं.

निता उठली. गर्दीतून वाट काढत ओट्यावर आली आणि पोरीच्या खांद्याला हात लावला. ऐशू वळली आणि हसली.

"बाई, शंका आणू नको," पास्टर म्हणाला.

"पास्टरजी, तिला आईकू येत न्हाई," निता म्हणाली. "मी तिची आई हाय. तुमी तिच्यासाठी प्रार्थना करा, रोज करा. पण बरी झाली म्हणू नका."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. घोंगावणं कमी होत होत थांबलं. भिकाबाईनं जनकाबाईकडे पाहिलं. ती बाई पोराचा पट्टी बांधलेला हात दोन्ही हातांत धरून तोंड उघडं टाकून बघत होती.

"मी पाय आपटत होते," भिकाबाई म्हणाली. "फळीवर. नाताळालाबी. जनकाबाई, तुझ्यात काही खोट न्हाई गं. तुझ्या लेकराला गोळी दे."

ती ओट्यावरून उतरली. उतरताना कुणी हात दिला नाही आणि तिनं मागितला नाही. बायांनी वाट करून दिली, लुगडं लागू नये अशी.

घरी कुणी भांडलं नाही. ओमप्रकाश दारू पीत नसे, तो त्या दिवशी कुठं तरी जाऊन पिऊन आला आणि लिंबाखाली ओकला. निता फक्त एवढंच म्हणाली, "जानेवारीत गाडी आलती म्हंतात." भिकाबाई म्हणाली, "व्हय." "तुमी परत धाडली." "व्हय." मग निता पोरीची वेणी घालत बसली.

चार-दोन दिवसांनी मोहनसिंग पास्टर आला. भिकाबाईला वाटलं, मंडळीतून काढल्याचं सांगायला आलाय. तो गाडीच्या फळ्यांवर बसला, बराच वेळ खाली पाय हलवत राहिला. भीमसिंगनं त्याला तंबाखू विचारला नाही, चहा सांगितला.

"माझी बायको दुखण्यात गेली, तुमाला ठाऊक हाय," पास्टर म्हणाला. "दोन साल प्रार्थना केली. लोक म्हणले, पास्टरचा इश्वास कमी पडला. मला ते खरंच वाटलं. आन् तरी मी लोकांना तेच सांगत ऱ्हायलो. काहून, ते मला बी न्हाई सांगता येत. असं सांगितलं की देवाकडं बोट जात न्हाई. बोट माणसाकडं फिरतं."

भिकाबाई दारात बसून हळदीच्या नखांकडे बघत होती.

भीमसिंग खाकरला. "पास्टर, मी अडाणी माणूस. परवा तुमच्या ईस्टरच्या आधल्या शुक्रवारी मी बाहेर उभं राहून आईकत होतो. तुमी म्हणलात, येशूला धरायच्या आधी राती त्यानं बागेत बसून वरच्या बापाला म्हणलं, हे मरण टळू दे. घाम फुटला त्याला. तरी टळलं न्हाई."

"व्हय."

"मंग त्याचाबी इश्वास कमी पडला व्हता का?"

पास्टरनं तोंडाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला. पास्टर म्हणाला, "न्हाई." पुन्हा म्हणाला, "न्हाई, बापू. त्याचा न्हाई कमी पडला." आणि तो रडायला लागला. ट्रक ड्रायव्हरसारखा, हुंदके न लपवता.

"उत्तर आलं न्हाई म्हून मीच देऊन टाकलं," भिकाबाई दारातून म्हणाली. "त्याच्या नावानं. त्याला बोलायलाबी जागा ठेवली न्हाई."

तिची समजूत कुणी घातली नाही. चहा प्यायला गेला.

गंगूताईनं धावपळ करून ऐशूला मोठ्या दवाखान्यात पोचवलं. सोबत निता आणि भिकाबाई गेल्या. भिकाबाईला नितानं ये म्हटलं नव्हतं, ती मागच्या सीटवर जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत तपासलं. म्हणाल्या, आता ऑपरेशनचा फार उपयोग होणार नाही, वयही सरलं. कानामागं लावायचं मशीन देऊ, मोठे आवाज समजतील. हातांची भाषा शिकवणाऱ्या शाळेत घाला.

"जानेवारीत आणली असती तर?" नितानं विचारलं.

"खात्री कुणीच दिली नसती. पण बघता आलं असतं."

भिकाबाई बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. येणारे-जाणारे तिला बाजूला व्हा म्हणत होते.

त्यानंतर निता ऊसतोडीला गेली नाही. तालुक्याला खोली घेऊन पोरीच्या शाळेजवळ राहिली आणि एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली. सासूशी ती एक वर्ष कामापुरतंच बोलली. पुढं बोलायला लागली, पण पूर्वीसारखं 'याडी' म्हणणं सुटलं ते सुटलंच. ओमप्रकाश दोन हंगाम एकटा गेला, मग त्यानं शाळेच्या गाडीवर क्लीनरचं काम धरलं. जनकाबाईचा पोरगा गोळ्यांवर चांगला आहे, फिट वर्षातून एखादी येते. ती मंडळीत येते आणि भिकाबाईपासून लांब बसते. मोहनसिंग पास्टरच्या मंडळीतली निम्मी घरं दुसऱ्या पास्टरकडे गेली, तिथं साक्षी जोरात होतात. ह्यानं साक्षीची पद्धत ठेवली, पण आता त्यात ज्यांचं झालं नाही तेही उभे राहतात. गंगूताई अजून ताट बडवते, आणि भीमसिंग मागल्या पावसाळ्यात झोपेत गेला. त्याच्या दिव्यात आता भिकाबाई तेल घालते. पास्टरनं त्याला कधी हरकत घेतली नाही.

भिकाबाई पहाटे चुलीपुढं अजून गुडघे टेकते. नाव घेते ऐशूचं, आणि मग काही मागत नाही. गप्प बसून राहते. उत्तराची वाट बघते की नाही, हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

सुट्टीत ऐशू तांड्यावर येते. उंच झाली आहे. हातांनी भराभर बोलते, भिकाबाईला त्यातलं अर्धं कळतं. कानामागचं मशीन तिला टोचतं म्हणून काढून ठेवते. आजीला बोलवायचं असलं की ती त्या जुन्या गाडीवर चढते आणि फळीवर जोरात टाच आपटते. आजीनंच शिकवलेली ती हाक आहे, बोलवायचं म्हणजे असंच, असं तिला वाटतं. चुलीपाशी बसलेल्या भिकाबाईच्या काळजात दर खेपेला कळ उठते. दर खेपेला ती वळते.